व्हिटबीला कशासाठी जायचं? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं

आम्ही यॉर्कशरमध्ये राहतो. उन्हाळा आला की पुण्या-मुंबईकडचे, कोल्हापूरचे पाहुणे येतात. लंडन आणि स्कॉटलंड ठरलेलंच असतं. मध्येच आम्ही व्हिटबीचं नाव काढतो आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हे व्हिटबी आहे तरी कुठे?

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरच्या किनाऱ्यावर. एस्क नावाची छोटी नदी इथे उत्तर समुद्राला मिळते आणि जाता जाता गावाचे दोन तुकडे करते. वस्ती सुमारे १३ हजार. पूर्वेकडचं गाव जुनं. तिथे अरुंद चर्च स्ट्रीट, लाल कौलांची एकमेकांना खेटून उभी घरं, वर कड्यावर चर्च आणि मठाचे अवशेष. पश्चिमेकडे रेल्वे आल्यानंतर वाढलेला भाग, म्हणजे हॉटेलं, हवा खायला आलेल्यांसाठी बांधलेल्या घरांच्या रांगा, कॅप्टन कुकचा पुतळा आणि देवमाशाच्या जबड्याच्या हाडांची कमान. दोन्ही काठांना जोडणारा पूल १९०८ सालचा. बोट आली की तो मधोमध दुभंगून बाजूला फिरतो आणि दोन्हीकडची माणसं मुकाट उभी राहतात. तुम्हीही राहा, तेवढाच बंदर बघायला वेळ मिळतो.

जुन्या गावातून पाण्याकडे उतरणाऱ्या बोळांना तिथे 'घॉट' म्हणतात. रूप आणि काम दोन्ही आपल्या घाटासारखं, त्यामुळे पाटी वाचून प्रत्येक पाहुणा थबकतोच.

समुद्र आमच्या कोकणात आहे की! त्यासाठी इंग्लंडला कशाला?

पोहायचं असेल तर खरंच जाऊ नका. पाणी ऑगस्टमध्येही असं गार की पाय घातला की पोटऱ्या बधिर होतात. व्हिटबीला जायचं ते मासेमारीचं गाव बघायला. शतकानुशतकं समुद्रावर जगलेल्या आणि समुद्राने पुन्हा पुन्हा फटकावलेल्या गावाची चण कशी असते, ते इथे उघड्यावर दिसतं.

धक्क्यावर खेकडे आणि लॉबस्टर पकडायचे जाळीदार पिंजरे रचलेले असतात. कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला वास लगेच ओळखीचा वाटेल. या किनाऱ्याची पारंपरिक होडी म्हणजे 'कोबल'. पुढून उंच, मागे सपाट तळाची, म्हणजे वाळूवर मागच्या टोकाने ओढून घेता यावी. पूर्वी इथे हेरिंग माशाचं राज्य होतं. थवे किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत आणि त्यांच्या मागोमाग स्कॉटलंडहून बायकांच्या टोळ्या मासे साफ करायला आणि खारवायला बंदरा-बंदरांतून येत. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि हातात आखूड सुरी. कोळीणींचं कौतुक आपल्याला सांगायला नको, पण या बायका हंगामभर घर सोडून किनाऱ्याने फिरत.

आज हेरिंगचं ते वैभव नाही. जे आहे ते मुख्यतः खेकडे आणि लॉबस्टर. त्यालाही २०२१ च्या शरदात मोठा धक्का बसला. टीज नदीच्या मुखापासून खाली व्हिटबीपर्यंत मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या खेकड्यांचे ढीग किनाऱ्याला लागले. सरकारी तज्ज्ञांनी आधी शेवाळाच्या उद्रेकाकडे बोट दाखवलं, मग २०२३ मध्ये दुसऱ्या समितीने एखाद्या नव्या रोगजंतूची शक्यता जास्त मानली. टीजच्या मुखाशी उपसलेल्या गाळावर मच्छीमारांचा राग कायम आहे. धक्क्यावर कुणाशी बोलायचा योग आला तर हा विषय निघणारच.

त्यांची मासळी खाऊन बघायची तर कुठून सुरुवात करावी?

किपरपासून. हेरिंग पाठीतून चिरून उघडायचा, मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि ओकच्या लाकडाच्या धुरावर टांगून ठेवायचा, की झाला किपर. पूर्वेकडच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर फॉर्च्यून्स नावाचं दुकान १८७२ पासून हेच करतंय. दुकान कसलं, एक खोली आणि मागे काजळीने काळं ठिक्कर पडलेलं धुरघर. लोण्यावर परतून पावाबरोबर खातात. सुकट-बोंबलावर वाढलेल्यांना हे पहिल्या घासाला आवडतं, इतरांना दुसऱ्या-तिसऱ्या घासाला. ताजा खेकडा घातलेलं सँडविच मात्र सगळ्यांनाच जमतं.

आम्ही शाकाहारी आहोत. फिश अँड चिप्सच्या दुकानातल्या नुसत्या चिप्स चालतील ना?

थांबा. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो कुणी वेळेवर विचारत नाही. यॉर्कशरमध्ये मासे आणि बटाटे दोन्ही गाईच्या चरबीत तळायची जुनी रीत आहे. 'बीफ ड्रिपिंग' अशी पाटी बऱ्याच दुकानांत अभिमानाने लावलेली असते. तेव्हा शाकाहारी असा किंवा मासे खाणारे पण गोमांस न खाणारे असा, पैसे देण्याआधी 'कशात तळता?' हे विचारा. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, फक्त शोधावी लागतात. विचारल्याचा तिथे कुणाला राग येत नाही. आमच्या आत्याने अर्धा कागद चिप्स संपवल्यावर भिंतीवरची पाटी वाचली होती. त्या दिवशीचं परतीचं तिकीट लवकरचं काढावं लागलं.

गोडाची सोय चांगली आहे. बॉथम्स ही १८६५ पासूनची बेकरी लिंबाच्या गोड बनसाठी ओळखली जाते. पण बेकरीतही अंड्याचं आणि चरबीचं विचारून घ्याच.

कॅप्टन कुक म्हणजे तो ऑस्ट्रेलियावालाच ना? त्याचा इथे काय संबंध?

तोच. जन्म १७२८ चा, इथून जवळच्या मार्टनचा, शेतमजुराचा मुलगा. आधी स्टेथ्स नावाच्या मच्छीमार गावात दुकानात नोकरीला राहिला, पण तिथे मन रमेना. १७४६ मध्ये व्हिटबीला जॉन वॉकर या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला. ग्रेप लेनवरचं वॉकरचं घर आज कुकचं संग्रहालय आहे. उमेदवार पोरं जिथे झोपत तो माळाही बघायला मिळतो. हिवाळ्यात संग्रहालय बंद असतं.

आम्हाला त्यात खरी गंमत वाटते ती जहाजांची. व्हिटबीची जहाजं दिसायला काही राजबिंडी नव्हती. न्यूकॅसलकडचा कोळसा लंडनला वाहून न्यायची ती ढमाली गलबतं. पण तळ सपाट आणि बांधणी भक्कम, म्हणजे ओहोटीला सरळ वाळूवर टेकवली तरी कलंडत नसत. पोटात जागाही भरपूर. जगाच्या पाठीवर अनोळखी किनारे धुंडाळायचे तर असंच जहाज हवं. म्हणून १७६८ च्या सफरीसाठी नौदलाने कोळशाचं एक गलबत विकत घेऊन त्याचं नाव एन्डेव्हर ठेवलं. पुढे रेझोल्यूशन, ॲडव्हेंचर आणि डिस्कव्हरी हीसुद्धा व्हिटबीतच बांधलेली. १७७० मध्ये एन्डेव्हर ग्रेट बॅरियर रीफवर आदळून फुटलं, तेव्हा ते एका नदीच्या काठाला लावून दुरुस्त करता आलं, ते याच बांधणीमुळे.

ती १९९ पायऱ्यांची भानगड काय? गुडघे दुखतात हो.

चर्च स्ट्रीटच्या टोकाकडून सेंट मेरी चर्चकडे चढणाऱ्या दगडी पायऱ्या. जेजुरी किंवा पर्वती चढलेल्या माणसाला या किस झाड की पत्ती, शिवाय मध्ये मध्ये बाकं आहेत. त्यांतली काही रुंद बाकं मुळात माणसांना बसण्यासाठी नव्हतीच. शवपेटी खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांनी ती घडीभर टेकवावी म्हणून ती ठेवलेली. मोजत चढा, पण पैज लावू नका. आमच्या घरात एकाचाही आकडा अजून दुसऱ्याशी जुळलेला नाही. अगदीच जमत नसेल तर मठापाशी मागच्या रस्त्याने गाडी जाते.

चर्च बाराव्या शतकातलं. आत गेलात की आपण जहाजाच्या पोटात शिरलोय असं वाटतं. लाकडी गॅलऱ्या, दारं लावलेले बसायचे खण, तीन मजली प्रवचनपीठ. बाहेरच्या दफनभूमीतले दगड खाऱ्या वाऱ्याने असे खाल्लेत की नावं पुसून गेलीत. कडा सतत ढासळतोय. २०१३ च्या सुरुवातीला मुसळधार पावसानंतर दरड खचली आणि जुन्या थडग्यांतली हाडं उघडी पडली होती. कुंपणाच्या पलीकडे जाऊ नका असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही.

वर नुसते पडके खांब दिसतात. तिकीट काढून आत जाण्यासारखं आहे का?

आहे, पण आधी गोष्ट माहीत हवी. नुसते खांब बघायला गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल.

६५७ मध्ये इथे मठ स्थापन झाला. प्रमुख होती हिल्ड नावाची राजघराण्यातली बाई, आणि तिच्या हाताखाली जोगिणी आणि साधू दोन्ही. ६६४ मध्ये इथे मोठी धर्मसभा भरली. वाद कशाचा? ईस्टर कोणत्या दिवशी पाळायचा, याचा. नॉर्थंब्रियाचा, म्हणजे तेव्हाच्या इथल्या राज्याचा, राजा ओस्विउ आयरिश परंपरेचा आणि राणी रोमच्या परंपरेची. त्यामुळे राजा सणाचं जेवण करतोय आणि राणीचा अजून उपास चालू, असा प्रकार व्हायचा. ज्यांच्या घरात स्मार्त आणि भागवत एकादशीवरून पंचांगं उघडली गेली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शेवटी राजाने रोमच्या बाजूने कौल दिला आणि इंग्लंडच्या चर्चची पुढची दिशा ठरली.

याच मठात कॅडमन नावाचा गुराखी होता. मेजवानीत वाद्य आपल्याकडे येतंय असं दिसलं की बिचारा उठून गोठ्यात जायचा, कारण गाता येत नसे. एका रात्री स्वप्नात त्याला गाण्याची आज्ञा झाली आणि सकाळी तो कवी होऊन उठला. ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे असा इंग्रजीतला तो सर्वांत जुना कवी. आपल्याकडच्या संतकथांत सहज खपून जाईल असा.

पुढे डेन्मार्ककडच्या डेन्स लोकांच्या स्वाऱ्यांच्या काळात तो मठ उजाड झाला, नॉर्मन काळात पुन्हा उभा राहिला आणि १५३९ मध्ये आठव्या हेन्रीने बंद पाडला. आज दिसतात त्या उंच कमानी मुख्यतः तेराव्या शतकातल्या. उरलेल्या भिंतींवर १६ डिसेंबर १९१४ ला जर्मन युद्धनौकांचे गोळेही पडले.

शाळिग्राम तिथे मिळतात असं ऐकलं. खरं का?

पूजेचे नव्हे, पण भावकीतले म्हणा. गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्याचे जीवाश्म. व्हिटबीच्या काळ्या खडकातही अमोनाइट भरपूर आहेत. आपण त्या वेटोळ्यात विष्णूचं चक्र पाहिलं. इथल्या लोकांना त्यात साप दिसला. मठासाठी जागा हवी म्हणून हिल्डने सगळ्या सापांची मुंडकी उडवून त्यांना दगड केलं, अशी दंतकथा. मग जुने कारागीर त्या दगडांना कोरून तोंड काढायचे आणि 'सापाचा दगड' म्हणून विकायचे. गावाच्या बोधचिन्हावर आजही तीन वेटोळी आहेत, आणि शास्त्रज्ञांनी एका अमोनाइटला हिल्डोसेरास असं तिचंच नाव दिलंय. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची संत आणि सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी, अशी ही जोडी.

किनाऱ्यावर सुटे पडलेले तुकडे वेचता येतात. कड्यावर हातोडी चालवू नका. आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय कड्याखालून चालत जाऊ नका. पाणी मागून येतं आणि वर चढायला वाट नसते.

काळ्या दागिन्यांची इतकी दुकानं कशी काय?

ते जेट. त्याच काळातलं, मंकी पझल जातीच्या वृक्षांचं लाकूड समुद्रतळाशी दबून तयार झालेलं. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीने काळं ल्यायला सुरुवात केली. दरबारापाठोपाठ देशभरच्या बायकांनी तेच केलं आणि व्हिटबीत घरोघरी जेट घासणारे कारागीर बसले. एका बाईच्या दुःखावर एका गावाचा संसार काही दशकं उत्तम चालला. मंगळसूत्रात काळे मणी गुंफणाऱ्या आपल्या बायकांना शोकाचे काळे मणी जरा खटकतात, पण वस्तू देखणी. खरं जेट हाताला हलकं आणि कोमट लागतं, काच गार आणि जड लागते. घ्यायचं तर 'व्हिटबी जेट' असं पावतीवर लिहून घ्या.

ड्रॅक्युलाचं थडगं कुठे आहे?

नाहीये. तो कादंबरीतला आहे. हा प्रश्न लोक इतका विचारतात की चर्चने वैतागून तशी सूचनाच लावली होती.

मात्र कादंबरीचं मूळ इथलं, ते खरं. ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात रॉयल क्रेसेंटमध्ये येऊन राहिला. 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला इथल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात सापडलं. पाच वर्षांपूर्वी नार्वा बंदराचं 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज वादळात इथल्या वाळूवर येऊन लागलं होतं, ती हकिकतही त्याच्या कानावर आली. कादंबरीत ते वार्ना बंदराचं 'डेमेटर' झालं. नार्वातली अक्षरं फक्त इकडची तिकडे. त्यातून काळ्या कुत्र्याच्या रूपात उडी मारून काउंट ड्रॅक्युला किनाऱ्यावर उतरतो. पुस्तक १८९७ मध्ये आलं. १९९४ पासून इथे काळ्या पोशाखातल्या 'गॉथ' मंडळींचे मेळावे भरतात. त्या दिवसांत हॉटेलांचे दर वाढतात, पण आजोबांच्या वयाची माणसं उंच काळी टोपी घालून आइस्क्रीम खात निघालेली बघणं ही वेगळीच मौज.

आमचं मत विचाराल तर ड्रॅक्युलाचं दुकान जरा जास्तच मांडलंय. या किनाऱ्यावरच्या खऱ्या वादळांपुढे तो काहीच नाही.

खरी वादळं म्हणजे?

९ फेब्रुवारी १८६१. जहाजामागून जहाज किनाऱ्यावर फेकलं जात होतं आणि व्हिटबीची लाइफबोट सकाळपासून माणसं सोडवून आणत होती. दमलेली तीच माणसं पुन्हा निघाली आणि बोट उलटली. १३ जणांपैकी १२ बुडाले, सगळं गाव बघत असताना. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जाकीट फक्त त्यानेच घातलेलं होतं.

जानेवारी १८८१. 'व्हिझिटर' नावाचं जहाज शेजारच्या रॉबिन हूड्स बे गावासमोर बुडालं. समुद्रातून जाणं अशक्य, म्हणून लाइफबोट रस्त्याने नेली. सहा मैल, बर्फाचे ढिगारे उपसत, घोडे आणि माणसं जुंपून, शेवटी गावातल्या तीव्र उतारावरून दोरांनी खाली सोडत. आणि माणसं वाचवली.

तिसरी गोष्ट आपल्याला जरा जवळची. रोहिला नावाचं जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं, हिंदुस्थानच्या वाऱ्या करणारं. नावही आपल्याकडच्या रोहिल्यांचंच. पहिल्या महायुद्धात त्याचं इस्पितळ-जहाज झालं. जखमी सैनिक आणायला डंकर्कला निघालं असताना ३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे, युद्धामुळे किनाऱ्यावरचे दिवे मालवलेले असताना, ते सॉल्टविकच्या खडकावर चढलं. किनारा हाकेच्या अंतरावर आणि तरी पोहोचता येईना. साध्या वल्ह्यांच्या बोटी दोन फेऱ्यांत काहींना घेऊन आल्या, मग त्याही निकामी झाल्या. लोक तीन दिवस कड्यावरून बघत उभे होते. अखेर टाइनमथहून इंजिनाची लाइफबोट रात्रीतून आली आणि तिने उरलेल्या ५० जणांना उतरवून घेतलं. ८० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर इंजिनाच्या बोटींबद्दल दर्यावर्दी मंडळींच्या मनात जी अढी होती ती सुटली.

लाइफबोटीवरची माणसं आजही बहुतेक स्वयंसेवक असतात. धक्क्याजवळ त्यांचं संग्रहालय आहे, तिथल्या डब्यात दोन पौंड टाकून या.

कधी यावं?

मे ते सप्टेंबर. कोट मात्र बरोबर हवाच, कारण उन्हं असताना अचानक समुद्रावरून धुकं चढतं आणि पाच मिनिटांत मठ गायब होतो. याला तिथे 'सी फ्रेट' म्हणतात. जूनच्या मध्यावर आलात तर आणखी एक चमत्कार. इथला किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य समुद्रातून उगवतो आणि समुद्रातच मावळतो. ऑगस्टमध्ये मागची माळरानं हीदरच्या फुलांनी जांभळी होतात, पण गर्दीही तेव्हाच. शाळांच्या सुट्टीतले शनिवार-रविवार टाळा.

लंडनहून कसं जायचं? एका दिवसात होईल?

नाही, आणि करूही नका. किंग्ज क्रॉसहून यॉर्क साधारण दोन तास. यॉर्कहून माळरान ओलांडणारी बस आहे, तिला आणखी दोन तासांहून जास्त लागतात, पण वाट सुंदर. मिडल्सब्रोहून एस्क नदीच्या काठाने रेल्वे येते, सुमारे दीड तासात. गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघा. हंगामात पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची गाडी थेट व्हिटबीपर्यंत येते. मुलं बरोबर असतील तर तीच घ्या. स्वतःच्या गाडीने येणार असाल तर गाडी गावाबाहेर लावून बसने आत या, नाहीतर सकाळ पार्किंग शोधण्यात जाईल.

एक रात्र तरी राहा. संध्याकाळी सहल करणारे निघून गेले की गाव गावासारखं होतं. राहण्याबाबत एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या भागातली कितीतरी कोळ्यांची घरं आता सुट्टीच्या मुक्कामाची झालीत आणि इथल्या तरुण पोरांना घर परवडत नाही. २०२२ मध्ये गावाने यावर मतदान घेतलं. मत देणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी सांगितलं की नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत. आम्ही म्हणून मालक स्वतः राहतात अशा घरगुती गेस्टहाउसमध्ये उतरतो.

पाऊस लागला तर?

पॅनेट पार्कमधलं व्हिटबी म्युझियम. तिथे एक वादळ सांगणारं यंत्र आहे, त्याच्या प्रतिकृतीसमोर आमचे मामा पाऊण तास उभे होते. डॉ. मेरीवेदर नावाच्या इथल्या डॉक्टरांनी ते १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात मांडलं. गोल मांडलेल्या बारा बाटल्या, प्रत्येकीत एक जळू. वादळ येणार असलं की जळवा वर चढतात आणि वर लावलेली घंटा वाजते. जितक्या जास्त घंटा तितकं वादळ नक्की. बाटल्या गोल का मांडल्या? तर जळवांना एकमेकींची सोबत वाटावी, एकटेपण वाटू नये म्हणून.

मुलांना काय?

खेकडे. धक्क्यावर दोरी, बादली आणि आमिष विकत मिळतं. पकडायचे, मोजायचे, परत पाण्यात सोडायचे. दुपार जाते. सीगल पक्ष्यांपासून मात्र खाणं सांभाळा, पाठीमागून झडप घालतात आणि हातातला मासा अख्खा नेतात.

किपर घरी नेता येतील का?

दुकानवाले बांधून देतात. मामांनी दोन जोड्या घेतल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर प्लास्टिक, त्यावर स्वेटर. गाडीत दुसऱ्याच स्टेशनापर्यंत आमच्या शेजारच्या चारही सीट रिकाम्या झाल्या. स्वेटर अजून बाल्कनीत टांगलेला आहे.